पेंटरबाई

पेंटरबाई आमच्या गोठ्यात आठ वर्षं राहिल्या. गोठा म्हणजे खरोखरचा गोठा. सासऱ्यांनी शेवटची बैलजोडी विकल्यापासून तो रिकामा पडला होता. तीन बाजूंनी विटांच्या भिंती, वर टिनाचे पत्रे आणि उत्तरेची बाजू सताड उघडी. पवनारला रस्त्याच्या कडेला आमचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या आणि त्या बघायला बाई आल्या होत्या. पण खोल्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागच्या अंगणात गेल्या आणि गोठ्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"खोल्या दाखवते ना," मी म्हटलं.

"खोल्यायचं मले काय करायचं? हे देता का?"

"अहो, हा गोठा आहे."

"मले दिसून राह्यलं ना मॅडम. पन उजेड पाहा इथचा. दिवसभर असाच राहते, हालत नाई."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते हे त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं, म्हणून मॅडम. शेवटपर्यंत मी मॅडमच राहिले आणि त्या बाई. त्यांचं वय तेव्हा बासष्ट-त्रेसष्ट असेल. गेल्या वर्षी त्या अल्लीपूरला भावाच्या घरी राहायला गेल्या. गोठा आता पुन्हा रिकामा आहे. भाड्याने मागायला दोघंचौघं येऊन गेले, मी अजून कोणाला दिलेला नाही.

गावासाठी त्या पेंटरबाई झाल्या त्याला कारण आमच्या गल्लीतला चक्कीवाला. गोठ्यात आलेल्या बाई रंगाचं काम करतात एवढंच त्याच्या कानावर गेलं आणि तो दुकानाची पाटी काखेत मारून हजर झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईंची चित्रं परदेशातल्या मोठमोठ्या शहरांत टांगलेली आहेत हे मी नुकतंच ऐकलं होतं, आणि हा माणूस त्यांना "येथे दळण दळून मिळेल" लिहायला सांगत होता. बाईंनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली, नखाने जुना रंग खरवडला आणि म्हणाल्या, "पाच दिवस लागतील." पाच दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. सहाव्या दिवशी मी जाऊन बघते तर 'दळन' लिहिलेलं. मी पडले मराठी शिकवणारी, मला राहवेना.

"बाई, तिथे बाणाचा ण पाहिजे."

"तो काय म्हनते? दळन म्हनते का दळण?"

"म्हणतो दळन, पण..."

"मंग चक्की त्याची हाय."

ती पाटी अजून तिथेच आहे. वर्ध्याहून येणारे लोक गाडी थांबवून तिचे फोटो काढतात. चक्कीवाल्याला त्याचं कारण कळत नाही, पण तो पाटीशेजारी उभा राहतो.

माझी आणि बाईंची खरी ओळख माझ्या चुकीतून झाली. आम्हा शिक्षकांना अधूनमधून घरोघरचे फॉर्म भरायची कामं येतात. तसला एक फॉर्म घेऊन मी गोठ्यात गेले. नाव झालं, वय झालं, मग व्यवसायाचा रकाना आला. बाई कोपऱ्यात स्टोव्हवर भाजी टाकत होत्या. त्यांना विचारायचंही मला सुचलं नाही. मी 'घरकाम' लिहून मोकळी झाले. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी वाचलं आणि फॉर्म ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच हाक आली, "मॅडम, जरा इकडे या."

भिंतीला लावून ठेवलेल्या सगळ्या लोखंडी पेट्या त्यांनी उघडल्या होत्या. त्यांनी मला खाली बसवलं आणि एकेक चित्र माझ्या मांडीवर ठेवत गेल्या. सकाळचा चहा गेला, जेवणाची वेळ टळून गेली. नवरा दोनदा डोकावून गेला. मी उठू शकले नाही.

सगळी चित्रं बसलेल्या माणसांची होती. जपानात गुडघ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या. मेक्सिकोत देवळाच्या पायऱ्यांवर टोपी मांडीत घेऊन बसलेले बाप्ये. इथिओपियात कॉफीच्या शेगडीभोवती बसलेल्या बायका, पोर्तुगालात दारात खुर्ची टाकून जाळं विणणारा कोळी, आणि मधेच कुठेतरी आमच्या अल्लीपूरकडचा, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उकिडवा बसलेला गडी. त्या अल्लीपूरच्या. शेतकरी घरातल्या, दोनच भावंडं. ही धाकटी, भाऊ तीन वर्षांनी मोठा. शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजाचा फॉर्म आणून दिला. घरी बापाने लग्न ठरवलं होतं. एकोणिसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन त्या वर्ध्याला आल्या आणि गाडीत बसल्या. मुंबईहून शिष्यवृत्तीवर बाहेर गेल्या, त्या चाळीसेक वर्षं फिरतच राहिल्या. कुठे दोन वर्षं शिकवलं, कुठे भिंती रंगवल्या, कुठे नुसती माणसं बघत बसल्या.

"बसलेलीच का?" मी विचारलं.

"उभा मानूस तयारीत राहते मॅडम. तुमी बोलावलं का निघाला. बसला का मंग तो जसा हाय तसा दिसते."

शेवटची पेटी बंद करून त्यांनी तो फॉर्म माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता लिहा काय लिहायचं ते." मी 'घरकाम' खोडून 'चित्रकार' लिहिलं.

त्यांचं राहणं आमच्या शेजारणींना चर्चेला पुरून उरायचं. साडीवरून त्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, खिसे असलेला. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बायका घालतात तसा. पॅरिसमध्ये एका बाईने म्हणे हा पोशाख कोणत्या कारागिराचा म्हणून विचारलं होतं, आणि पवनारात पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, "वेचाले जाता का? आमच्याकडे या ना." बाई खरंच गेल्या. दोन दिवस वेचला कापूस, तिसऱ्या दिवशी बायका जेवायला बसल्या तेव्हा वही काढली. दुपारी एक ते तीन त्या झोपत, आणि त्या वेळात कलेक्टर जरी आला तरी उठवायचं नाही अशी ताकीद होती. जगभरचं खाऊन आलेली ही बाई इथे फक्त ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाई. माशा हाकलताना मात्र स्पॅनिश बोलत. मराठीला माशा ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याशी सगळ्यांचं पटायचं असं नाही. एकदा मी त्यांना शाळेत चित्रकलेच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून नेलं. मुलांनी कागद भरून दिले. बाईंनी सगळे पाहिले आणि पहिला नंबर कोणालाच दिला नाही. हेडमास्तर नाराज झाले, पालकही आले होते. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या पोट्ट्यायनं दोन डोंगर काढले आनि मधात सूर्य. पवनारात डोंगर कुठे हाय?" दुसरा नंबर त्यांनी एका मुलीला दिला. तिने नळावर भांडण करणाऱ्या दोन बायका काढल्या होत्या. त्यातली एक तिची आई होती आणि आई तिथेच बसलेली होती. मला पुढे महिनाभर सगळ्यांची समजूत घालत फिरावं लागलं.

गिरडच्या टेकडीवरही त्यांना मीच नेलं होतं. वर दर्ग्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. अर्ध्या चढावर लोक दम खायला टेकतात तिथे त्या सकाळपासून बसून राहिल्या. एका आदिवासी म्हातारीचं चित्र काढलं. तिने ते बराच वेळ बघितलं, घडी घातली आणि सरळ लुगड्याच्या ओच्यात खोचलं. मी पुढे झाले तर बाईंनी माझा हात धरला. बसने परत येताना म्हणाल्या, "या वर्षातलं सगळ्यात चांगलं होतं ते," आणि पुढे वर्ध्यापर्यंत खुशीत होत्या.

एवढ्या बाई, पण अल्लीपूरचं नाव निघालं की विषय बदलत. वर्ध्यापासून तासाभराचा बसचा रस्ता, पण जात नसत. परदेशातून पहिल्यांदा परत आल्या तेव्हा एकदा गेल्या होत्या. आईवडील तोवर वारले होते. भावाने त्यांना फाटकात पाहिलं, बैल सोडले आणि शेतात निघून गेला. वहिनीने चहा दिला. अंधार पडायच्या आधीची शेवटची बस होती, तोवर भाऊ परतला नाही. आई वारली तेव्हा बाई मेक्सिकोत होत्या. ड्रॉइंगच्या मास्तरांचं पत्र हातात पडेपर्यंत सव्वा महिना उलटला होता. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, अंबाडी निवडता निवडता, वर न बघता.

तो भाऊ एका गुरुवारी आमच्या फाटकात येऊन उभा राहिला. उंच, वाळका, खांद्यावर दुपट्टा. मला म्हणाला, "चित्रं काढनारी बाई इथंच राह्यते का?"

मी गोठ्याकडे नेलं. बाई पॅलेट पुसत होत्या. त्यांनी मान वर केली आणि तशाच राहिल्या. तोही टिनाच्या सावलीच्या अलीकडे उभा राहिला. मी पाणी आणायच्या निमित्ताने सरले, पण माझा पाय घराच्या मागच्या दारातच अडखळला.

"घरी बाबाचा फोटो हाय," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आता घरवालीचाही लावला, मागच्या साली वारली. मायचा नाई. मायचा फोटो कोनी काढलाच नाई."

"बरं," बाई म्हणाल्या.

"चित्र काढून भेटन का, इचाराले आलो."

"सांगावं लागेल कशी होती ते."

"सांगीन."

दोघंही शब्द असे जपून वापरत होते की तू म्हणायची वेळ येऊ नये आणि तुम्हीही तोंडातून जाऊ नये. पन्नास वर्षांनी एकमेकांशी बोलणारी सख्खी भावंडं, पण बोलणं गिऱ्हाईक आणि दुकानदाराचं.

पुढच्या गुरुवारी तो आला, त्याच्या पुढच्याही आला. अल्लीपूरहून वर्धा, वर्ध्याहून पवनार, दोन बसा बदलून. स्टुलावर बसायचा. बाई कोळशाने काढायच्या आणि तो सांगायचा. कपाळ लहान होतं. गोंदण हनुवटीवर होतं, गालावर नाई. चौथ्या-पाचव्या गुरुवारी मी चहा घेऊन गेले तर आवाज चढलेले.

"नाक असं नोतं! बारीक होतं मायचं नाक."

"बारीक? फुगीर होतं. तुले काय मालूम, तू तं दिवसभर वावरात राहे. चुलीपाशी मी बसो तिच्यासंग."

"आनि मांडीवर डोकं ठेवून तू झोपे का मी? खालून पाह्यलं हाय मी तिचं नाक!"

"खालून कोनाचंही नाक बारीकच दिसते!"

आणि मग बाईंच्या हातातला कोळसा थांबला. दोघांच्याही तोंडून 'तू' निघून गेला होता. चहाचा कप त्याने माझ्या हातून घेतला आणि तो उगाच फुंकत राहिला. बाई पाठ करून ब्रश धूत बसल्या, बराच वेळ.

हिवाळा गेला, उन्हं तापायला लागली, नाकाचा वाद काही मिटेना. पण आता तो सकाळीच येई, जेवून जाई. कधी वावरातलं वांगं, कधी कैऱ्या, कधी नातवाच्या शाळेची तक्रार घेऊन येई. बाई गुरुवारी दुपारची झोप घेईनाशा झाल्या.

एका बुधवारी मी शाळेतून लवकर आले आणि गोठ्यात डोकावले. चित्र उभं होतं. त्यातली बाई चुलीपुढे बसलेली, मान किंचित वळवून कोणीतरी आलंय का बघणारी. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, तरी हिच्यात आता काही कमी नाही हे मला कळलं. आणि आमच्या बाई चिंधीला टर्पेंटाइन लावून तिचं नाक पुसत होत्या.

"बाई! हे काय करता?"

त्या दचकल्या. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

"झालं होतं ना पूर्ण?"

"महिना झाला," त्या म्हणाल्या. थोडं थांबून चिंधीकडे बघत म्हणाल्या, "पूर्ण झालं तं तो येईन काऊन?"

त्यांनी ते नाक मुद्दाम थोडं फुगीर काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने येऊन ते बरोबर शोधून काढलं.

त्याच सुमारास पोर्तुगालहून पत्र आलं. समुद्रकाठच्या एका गावात जुन्या घराचं चित्रघर केलं होतं. तिथे बाईंच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन करायचं होतं, सगळी बसलेली माणसं एका छताखाली. तीन महिने येऊन राहा, तुमच्या हाताने मांडा, असं लिहिलं होतं. चाळीस वर्षं कोणी नुसतं ये म्हटलं तरी निघणाऱ्या बाईंनी ते पत्र घडी करून ज्वारीच्या डब्याखाली ठेवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाई म्हनून कळवलं. गुरुवारचं जमत नाई."

"तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

"माह्यं वय एकाहत्तर, त्याचं चौऱ्याहत्तर. तीन महिने कमी हायत का मॅडम?"

मग मी एक आगाऊपणा केला. पुढच्या गुरुवारी त्याला बसस्टॉपवर सोडायला गेले आणि पत्राचं सगळं सांगितलं. नाकाचं सांगितलं नाही. तो ऐकून घेऊन नुसता "हं" म्हणाला आणि बसमध्ये चढला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तो स्टुलावर बसलाच नाही. उभ्यानेच चित्र पाहिलं आणि म्हणाला, "झालं हे."

"नाक?"

"नाक बरोबर हाय. आता हात नको लावजो." त्याने सोबत आणलेल्या नव्या चादरीत चित्र गुंडाळायला सुरुवात केली. "तिकडे कळव, येतो म्हन. चित्रं मांडाले कोनी पाह्यजे ना त्यायले."

बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. दहा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. अकराव्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मुंबईच्या गाडीचं तिकीट कसं काढते आता? ते मोबाइलवर तुमीच पाहा. एसीचं नको. त्या काचेतून मानूस ओळखू येत नाई."

मुंबईची गाडी संध्याकाळची होती. मी बाईंना घेऊन वर्धा स्टेशनवर गेले तर भाऊ आधीच बाकावर बसलेला. मांडीवर कापडी पिशवी, तीत दशम्या आणि जवसाची चटणी. गाडी वीस मिनिटं लेट असल्याचं लाउडस्पीकरवर सांगितलं. आम्ही तिघं बाकावर बसलो.

"त्या दिवशीही मी आलतो इथं," तो अचानक म्हणाला.

"कोन्या दिवशी?"

"तू गेली त्या दिवशी. बाबानं धाडलं होतं. हात धरून आन म्हने. सायकल मारत आलतो. गाडी उभीच होती." त्याने समोरच्या खांबाकडे बोट केलं. "असाच खांब होता, त्याच्यामागं उभा होतो. तू बायकायच्या डब्यात बसली होती, खिडकीपाशी."

बाई पूर्ण वळून त्याच्याकडे बघायला लागल्या. "मंग हाक काऊन नाई मारली?"

"मारली असती तं तू उतरली असती."

तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत पुढे बोलत राहिला. "तू दाराकडंच पाहून राह्यली होती. कोनी येते का म्हनून. मले दिसत होतं. घरी सांगतलं, गाडी निघून गेलती. बाबा चूप झाले. माय रोज इचारे, खरंच निघून गेलती का रे? मी म्हनो, हो. मरेपर्यंत इचारलं तिनं. आनि तू तिच्या मातीलेही आली नाई. मले वाटे, हे सगळं माह्यामुळं झालं. ते सोसवे ना. मंग तुह्यावर राग धरला. राग सोपा पडला."

लांबून गाडीचा आवाज यायला लागला. बाईंनी त्याच्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली, एक दशमी काढली, मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. मी शेजारी बसले आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. गाडी प्लॅटफॉर्मला लागेपर्यंत दोघं ती कोरडी दशमी चावत राहिले.

मी सामान चढवलं. बाईंना खिडकीची जागा मिळाली होती. त्या बसल्या, शर्टाची बाही सारखी केली. दोन मिनिटं झाली, सिग्नल पडला, गाडी हलली. भाऊ बाकापाशीच उभा होता. डबा दहा-बारा पावलं पुढे गेला असेल तेव्हा तो एकदम धावल्यासारखा निघाला आणि त्याने हाक मारली. त्यांच्या घरचं, लहानपणचं नाव. ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. स्टेशनवरची माणसं वळून बघायला लागली.

बाईंनी खिडकीच्या गजांना तोंड लावलं. "काय रे?"

"काही नाई!" तो ओरडला. "जाय तू!"